आधी १०८, मग ताई

प्रश्न, थोडक्यात : पुण्यात नदीजवळच्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या नोकरदार बाईंचं पत्र आहे. त्यांच्या ७८ वर्षांच्या आईला चौदा महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं, समजतं मात्र सगळं. नाकातून रायल्स ट्यूब (पोटात पातळ अन्न, म्हणजे फीड, द्यायची नळी) आहे, लघवीला नळी आहे आणि फुप्फुसाच्या जुन्या आजारामुळे (सीओपीडी) बहुतेक वेळ ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं विजेचं मशीन) लागतो. दिवसा एक मावशी असतात, रात्री दुसऱ्या. गेल्या पाच महिन्यांत लघवीच्या जंतुसंसर्गामुळे आईला दोनदा ॲडमिट करावं लागलं. तेव्हापासून खोलीत नातवालाही मज्जाव आहे. फरशी दिवसातून तीनदा जंतुनाशकानं पुसतात, दर महिन्याला युरिन कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी) करतात आणि रिपोर्टमध्ये जंतू दिसले की अँटिबायोटिक सुरू होतं. त्यातच या पावसाळ्यात बाई कामासाठी परगावी असताना रात्री वीज गेली, इन्व्हर्टर बसला, ऑक्सिजन थांबला. सिलिंडर खोलीतच होता, पण मावशींना तो उघडता येईना. त्यांनी बाईंना फोन केला, बाईंनी बंगळुरूच्या भावाला, भावानं ओळखीच्या डॉक्टरांना. शेवटी शेजारच्या मुलानं सिलिंडर सुरू केला तोवर पन्नास मिनिटं गेली होती. आई वाचल्या. आता भाऊ म्हणतो, "अडाणी बाईच्या भरवशावर आईला ठेवायचं नाही, केअर सेंटरमध्ये हलवू." बाई विचारतात, "आईला घरी ठेवून मी तिच्या जिवाशी खेळतेय का?"

ताई,

तुमच्या पत्रात अगदी शेवटी, जाता जाता एक वाक्य आलं आहे : "लघवीची नळी आयसीयूत घातली होती, ती तशीच चालू आहे." मी तिथूनच सुरुवात करते.

आयसीयूत नळी घालतात त्याला कारण असतं. तासातासाला लघवी मोजायची असते, पेशंट शुद्धीत नसतो. पुढे पेशंट वॉर्डात येतो, मग घरी येतो, नळीही सोबत येते आणि ती अजून का आहे हे कुणीच विचारत नाही. मी तीसेक वर्षं परिचारिका म्हणून काम केलं, त्यातली शेवटची बारा घरोघरी जाऊन. नुसती विसरून राहिलेली अशी नळी मी कितीतरी घरांत पाहिली. नळी असली की दर दिवसागणिक साधारण ३ ते ७ टक्के शक्यता असते की लघवीत जंतू शिरतील. महिनाभरात जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात, घर कितीही लख्ख असलं तरी. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा : नळी काढून बघता येईल का? नळी काढल्यावर आईंना लघवी आपोआप होते का आणि झाल्यावर मूत्राशयात किती उरते, हे सोनोग्राफीत कळतं. फार उरत नसेल तर डायपरवर भागतं. डायपर दर थोड्या वेळानं बघायचा, त्वचा कोरडी ठेवायची, मावशींचं काम थोडं वाढेल. पण दोनदा ॲडमिट व्हावं लागलं त्याचं मूळ तिथंच असेल, तर हा सौदा फायद्याचा आहे. (नळी घरी कुणी ओढून काढायची नाही. आत पाण्यानं फुगवलेला फुगा असतो.)

नळी ठेवावीच लागली, तर दुसरी गोष्ट. दर महिन्याचं कल्चर थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. महिन्याहून जुनी नळी असेल तर रिपोर्टमध्ये जंतू दिसणारच. ताप नाही, थंडी वाजत नाही, पोटात खाली दुखत नाही, आई नेहमीसारख्या हात दाबून उत्तर देतात, अशा वेळी ते जंतू नुसते वस्तीला आहेत, आजार नाही. त्यांच्यावर अँटिबायोटिक दिलं की कमजोर जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात. मग खरा संसर्ग होतो तेव्हा साधं औषध चालत नाही, ॲडमिट होऊन इंजेक्शनं घ्यावी लागतात. लघवी गढूळ दिसली किंवा वास आला, एवढ्यावर औषध सुरू करायचं नसतं. डॉक्टरांना थेट विचारा, "लक्षणं नसतील तर औषध द्यायचं की नाही?" असं विचारलेलं चांगल्या डॉक्टरांना आवडतं.

मात्र वय झालेल्या माणसाला गंभीर संसर्गातही कधी कधी ताप येत नाही. त्या एकदम सुस्त होतात, ओळख देत नाहीत, श्वास भरभर चालतो, लघवी कमी होते. म्हणून आई बऱ्या असतात त्या दिवसांतले त्यांचे आकडे लिहून ठेवा : मिनिटाला श्वास किती, नाडी किती, ऑक्सिजन किती. पुढे काय बिघडलं हे त्या आकड्यांशी ताडूनच कळतं.

आता फरशी. तीनदा पुसून तुम्ही दमताय आणि आईंना त्याचा उपयोग नाही, उलट थोडा त्रासच आहे. फिनाईलच्या, ब्लीचच्या उग्र वासानं सीओपीडीच्या माणसाला दम लागतो. साध्या साबणाच्या पाण्यानं एकदा पुसा, बास. टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. जंतू आईंपर्यंत पोचतात ते हातांवरून.

एक दिवस सुट्टी काढा आणि खोलीत कोपऱ्यात नुसत्या बसून बघा. चूक पकडायला नाही, मार्ग बघायला. मावशी लघवीची पिशवी रिकामी करतात. हात धुवायला बेसिन कुठं आहे? दोन खोल्या ओलांडून, बहुतेक. तेवढ्यात मशीन वाजतं, त्या परत येतात आणि त्याच हातानं रायल्स ट्यूबचं झाकण उघडतात. किंवा हात धुतात आणि पदराला पुसतात, नाहीतर सकाळपासून ओल्या असलेल्या त्याच नॅपकिनला. हात धुतल्याचं सगळं पुण्य त्या नॅपकिनमध्ये जातं. पलंगाला हँडरबची बाटली अडकवा, म्हणजे हात लांब करताच मिळेल. हात दिसायला मळले नसतील तर वीस-तीस सेकंद हँडरब चोळणं पुरतं. लघवी-शौचाचं काम झालं की मात्र साबण-पाणीच, चाळीस सेकंद ते मिनिटभर. पुसायला जुन्या सुती साडीचे छोटे तुकडे करून ठेवा : एकदा वापरला की धुवायला. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या, नखं कापलेली. "ताई, बांगड्या काढायला लावू नका," असं एका मावशींनी मला सांगितलं होतं. काढायला लावलंही नाही, वर सरकवून रबरबँड लावला.

पिशवीचं थोडक्यात सांगते. ती कायम मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. आईंना कूस बदलून देताना पिशवी पलंगावर ठेवतात आणि लघवी उलटी वर जाते, तेवढं टाळा. दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करायची, त्यासाठी वेगळा मग, त्याला तोटीचा स्पर्श नको. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडायचा नाही. रोज साबण-पाण्यानं पुढून मागे स्वच्छता, तिथं डेटॉल नको, त्वचा सोलवटते.

फीड देताना आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर. हा नियम मला हातांइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण पेज फुप्फुसात उतरून होणारा न्यूमोनिया लघवीच्या संसर्गापेक्षा लवकर माणूस नेतो. नाकाजवळ नळीवर पेनानं खूण करा. खूण सरकलेली दिसली तर फीड द्यायचं नाही, नळी परत ढकलायची नाही, फोन करायचा. मिक्सरमध्ये वाटलेलं फीड सकाळी करून दुपारपर्यंत ओट्यावर ठेवू नका. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलून. दर दोन तासांनी कूस बदलणं तुम्ही करतच आहात असं पत्रावरून दिसतं, ते तसंच चालू ठेवा.

नातवाला आत येऊ द्या, ताई. चौदा महिने बोलू न शकणाऱ्या आजीला नातू दिसणं हेही औषधच आहे. हात धुऊन यावं, सर्दी-ताप असेल तेव्हा दारातून हात हलवावा. दरवर्षीची फ्लूची लस आईंना, तुम्हाला, दोन्ही मावशींना द्या आणि आईंच्या न्यूमोकोकल लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यासोबत आणखी एक गोष्ट करा. मावशींना ताप-खोकला असला तरी त्या येतात, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. आजारपणाची भरपगारी सुट्टी द्या आणि तशा दिवसासाठी बदली बाई आधीच ठरवून ठेवा. जंतुनाशकाच्या कॅनवर महिन्याला जे खर्च होतं, त्यातलं काही इकडे वळवलंत तर आईंच्या खोलीत जास्त स्वच्छता येईल. डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई कित्येक वर्षं हेच मागत आहेत. सुया असतील तर जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून. कचरा वेचणारीचेही हात असतात.

आता भाऊंच्या म्हणण्याकडे येते. त्यांच्या रागामागे भीती आहे. बंगळुरूहून ती पन्नास मिनिटं फोनवर ऐकणं सोपं नव्हतं. पण त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलं आहे.

'अडाणी बाई' हा शब्द मला लागला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं १९९५पासून ३९ गावांत एक काम केलं. शाळा थोडीच शिकलेल्या गावातल्याच बायकांना त्यांनी नवजात बाळ तपासायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्या गावांतलं नवजात बालकांचं मृत्यूचं प्रमाण तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढे देशाच्या धोरणात गेलं. त्या बायकांना नीट शिकवलं होतं, हातात साधनं दिली होती आणि वेळ आल्यावर ठरवायचा हक्कही दिला होता. तुमच्या मावशींना यातलं काय मिळालं होतं? सिलिंडर खोलीत होता. त्याची चावी कुठं होती? तो एकदा तरी उघडून बघायला त्यांना कुणी सांगितलं होतं? १०८ला आपण होऊन फोन केला तर ताई रागावतील, ही भीती त्यांच्या मनात होती की नव्हती? त्या रात्री तीन शिकलेली माणसं फोनवर एकमेकांना विचारत होती आणि आईंच्या उशाशी होती ती एकटी बाई कुणाच्या तरी परवानगीची वाट बघत होती. पन्नास मिनिटं त्यात गेली.

केअर सेंटरचा विचार मात्र मी उडवून लावत नाही. रात्री घरात भरवशाचं माणूसच नसेल, गळ्याला ट्रेकिऑस्टॉमी (श्वासासाठी पाडलेलं छिद्र) असून सक्शन (मशीननं कफ ओढून काढणं) येणारं कुणी नसेल, किंवा सांभाळणारी स्वतःच आजारी पडायला आली असेल, तर सेंटर हाच बरा मार्ग, आणि त्यात मुलीचं काही कमी पडलं असं अजिबात नाही. पण "तिथं इन्फेक्शन होत नाही" या समजुतीवर जाऊ नका. जिथं बरेच पेशंट एकत्र असतात तिथं चिवट जंतू जास्त असतात आणि तेच दोन हात दहा जणांना लागतात. बघायला जाल तेव्हा विचारा : रात्री एका मदतनिसामागे किती पेशंट? हँडरब प्रत्येक पलंगाशी आहे का? वीज गेली तर ऑक्सिजन कशावर चालतो? ॲम्ब्युलन्स किती वेळात येते? मग हेच प्रश्न आपल्या घरालाही लावा. माझं मत विचाराल, तर पत्रातून दिसतं त्यावरून आईंना घरीच ठेवावं, आठवड्यातून एकदा शिकलेली नर्स बोलवावी, तिनं नळ्या बघाव्या आणि मावशींना शिकवावं. तीन महिन्यांनी पुन्हा विचार करा.

आता त्या रात्रीची तयारी. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॅट खातो. घरच्या १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर तो एकटा तीन-चार तास चालेल. पंखे, टीव्ही, वायफाय त्याच बॅटरीवर असतील किंवा बॅटरी जुनी असेल तर तासाभरातच बसेल. इलेक्ट्रिशियनला बोलावून इन्व्हर्टर मशीनला चालतो का ते बघा आणि त्या खोलीसाठी तो वेगळा काढा. बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरच्या गतीनं तो बारा तास पुरतो, पाचच्या गतीनं पाच तास. घाबरून ती गती वाढवू नका. सीओपीडीत डॉक्टर बहुधा रक्तातल्या ऑक्सिजनची ८८ ते ९२ टक्के हीच पातळी ठरवून देतात, ९८ बघायचा हट्ट धरून ऑक्सिजन वाढवला तर उलट गुंगी येऊ शकते. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीनं बांधा, रेग्युलेटर लावून ठेवा, सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधा, काट्यावरचा दाब दर रविवारी वहीत लिहा. आणि त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, धूप नको. वीज गेल्यावर मेणबत्ती तर नकोच, टॉर्च ठेवा. देवघर त्याच खोलीत असेल तर देव दुसऱ्या खोलीत हलवा. एअर बेडची हवाही वीज गेली की उतरते, म्हणून खाली जाड गादी असू द्या.

एक कागद करा, पलंगासमोर चिकटवा. मोठ्या अक्षरांत, मराठीत, मावशींना वाचायला लावून. सगळ्यात वर : आधी १०८, मग ताई. त्याखाली कधी ते : श्वास लागला, ओळख देत नाहीत, ऑक्सिजन ठरलेल्या आकड्याखाली आणि सिलिंडर लावूनही चढत नाही, फीडनंतर ठसका लागून चेहरा निळसर पडला. मग पत्ता, जवळच्या खुणेसह, जसा रिक्षावाल्याला सांगतो तसा. मग खालच्या आणि वरच्या मजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांचे नंबर, ऑक्सिजनवाल्याचा, महावितरणचा १९१२. दाराशी पिशवी : डिस्चार्जचे कागद, चालू औषधांची यादी, शेवटचा कल्चर रिपोर्ट, विम्याचं कार्ड, आधारची प्रत, थोडे रोख पैसे.

तुमचं घर चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट विजेवर. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत माणसांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेलच. पार्किंगमध्ये पाणी आल्यावर पक्षाघाताच्या पेशंटला जिन्यानं उतरवणं फार अवघड. म्हणून तुमचा निर्णय पाणी यायच्या आधीचा हवा : विसर्ग वाढवल्याची सूचना आली, की आईंना उंचावरच्या नातेवाइकाकडे किंवा दवाखान्यात दोन दिवस हलवायचं, की भरलेले दोन सिलिंडर, औषधं, पिण्याचं पाणी घेऊन वरच राहायचं. दोन्ही चालतं, फक्त ते आत्ता ठरवा. सोसायटीतल्या चार तरुण मुलांशी आजच बोलून ठेवा, खुर्चीत बसवून उतरवायचं कसं ते त्यांना एकदा रिकाम्या खुर्चीवर दाखवा.

आणि आईंना विचारलंत का? त्यांना समजतं, असं तुम्हीच लिहिलंय. डावा हात दाबून त्या हो-नाही सांगतात. घरी राहायचं का, पुन्हा आयसीयूत न्यायचं का, हे विचारायला धीर लागतो. एकदम नका विचारू, थोडं थोडं, दोन-तीन दिवस, भाऊंना व्हिडिओवर घेऊन. त्यांचं उत्तर डॉक्टरांच्या कानावर घाला, फाइलमध्ये लिहून ठेवा.

येत्या रविवारी दुपारी, तुम्ही घरात असताना, डॉक्टरांना आधी सांगून, मेन स्विच बंद करा. भाऊंना व्हिडिओवर बघू द्या. तुम्ही हात मागे घेऊन उभ्या राहा आणि मावशींना सिलिंडर उघडू द्या, एकटीनं. आधी दिवसाच्या मावशी, मग रात्रीच्या. किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून मोजा आणि मला कळवा.